‘न’ नयाचा

भाची पाच वर्षांची आहे. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत राहते. मी मुंबईच्या गोदीत ठेक्यावर हमाली करतो आणि वर्षातून दोनदाच घरी येतो. अशोक विजयादशमीला आणि चौदा एप्रिलला. यंदा जयंतीला आलो तर ती अंकलिपी घेऊन धावतच आली. “मामा, आयक. मले सारं येते.” आणि सुरू झाली. क कमळाचा, ख खडूचा, ग गणपतीचा, घ घराचा. फटाक्याची लड लागावी तशी. ज्ञ वर जाऊनच थांबली. ताई खूश. माय खूश. मायनं तर तिची दृष्ट काढून कडाकडा बोटं मोडली.

मी आपली गंमत म्हणून कमळाच्या चित्रावर अंगठा ठेवला. अक्षर तेवढं उघडं ठेवलं.

“हा कायचा हाय?”

ती बघत राहिली. अक्षराकडं नाही, माझ्या अंगठ्याकडं. मग म्हणाली, “मामा, हात काढ नं. दिसून नाई रायलं.”

मी खडूवर अंगठा ठेवला. गप्प. घरावर ठेवला. गप्प. मधलंच एक पान उघडलं, सगळी चित्रं हातानं झाकली. पोरगी रडायला आली. ताई म्हणाली, “काऊन त्रास देतं बे तिले? मघाशी म्हनलं नं तिनं सारं?”

म्हटलं होतं. वाचलं नव्हतं.

मित्रांनो, मी शिक्षक नाही. मॅट्रिक झालेला हमाल आहे, कविता लिहितो, आणि तुमच्यासारखाच व्यवस्थेला शिव्या घालतो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या घरात अंगठ्याचा इतिहास मोठा आहे. मायचा अंगठा आधी शाईत बुडाला, आता रेशनच्या दुकानात मशिनीवर टेकतो. तिसरी पिढी शाळेत गेली आणि तिथंही अंगठा आडवा आला की अक्षर गायब! मग आपण कुठून निघालो आणि कुठं पोचलो?

गोदीतली गोष्ट सांगतो. खोक्यांवर शिक्के असतात. छत्रीचं चित्र असलं की माल पाण्यापासून वाचवायचा. पेल्याचं चित्र असलं की आत फुटणारी वस्तू. वर तोंड केलेले दोन बाण असले की खोकं उलटं करायचं नाही. माझ्याबरोबरचे म्हातारे हमाल अक्षरशत्रू आहेत, पण हे शिक्के त्यांना लांबून वाचता येतात. कधी चुकत नाहीत. मालकाचा पेला फुटत नाही. पण आठवड्याच्या शेवटी ठेकेदाराचा माणूस पावती पुढं करतो, त्यावर किती पाळ्या लिहिल्या ते त्याच हमालाला वाचता येत नाही. तिथं चित्र नसतं. तिथं अंगठा असतो.

चित्र ओळखणं आणि अक्षर ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालाची काळजी घ्यायला चित्र पुरतं. स्वतःची काळजी घ्यायला अक्षर लागतं. छ छत्रीचा म्हणणारी पोरगी छत्रीच ओळखत असेल, तर आपण तिला लहानपणापासून हमालीचंच शिक्षण देतोय. शाळा म्हणते, पाठ आहे. घर म्हणते, पाठ आहे. अरे पण पाठांतर तर पोपटही करतो. पोपटाला कुणी पावती वाचायला बोलावत नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला जवळ घेऊन विचारलं, शाळेत काय काय होतं? आधी सांगेना. मग हळूच म्हणाली, “मी न नयाचा म्हनलं तं मॅडम हासली. सारे पोट्टे हासले. मॅडमनं म्हनलं, नय नाई, नळ म्हन, जीभ जड झाली काय? मंग मी काईच नाई म्हनत.”

शाळेचं नाव मी घेत नाही. ही एका शाळेची गोष्ट नाही.

आता बघा या ‘न नयाचा’मध्ये काय घडलंय. प्रश्न न चा होता. न चा आवाज पोरीनं बरोबर ओळखला होता. नय म्हणा, नळ म्हणा, पहिला आवाज न च आहे. म्हणजे धडा तिला आला होता! शंभरपैकी शंभर. आणि त्याच क्षणाला वर्ग तिच्यावर हसला. कशावरून? शब्दाच्या शेवटी ळ च्या जागी य आला म्हणून. जे शिकवायचं होतं ते आलं, ते कुणी पाहिलं नाही. जे त्या धड्यात नव्हतंच, त्याबद्दल शिक्षा झाली.

वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ळ चा य होतो. डोळे म्हणजे डोये, काळा म्हणजे काया, फळ म्हणजे फय. ण चा न होतो. पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन. ही जीभ जड झाल्याची खूण नाही. हा त्या बोलीचा कायदा आहे. लाखो लोक तो बिनचूक पाळतात. चुकून कधी य, कधी ळ असं होत नाही. ज्याला नियम आहे ती चूक नसते, ती भाषा असते. आणि ही फक्त आपल्या वस्तीचीही नाही. कुणब्याचा, तेल्याचा, माळ्याचा पोट्टाही नयच म्हणतो. पण हसण्याचा वार कुणावर जोरात बसतो ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या पोराचा उच्चार चुकला की तो उच्चार राहत नाही, तो दाखला होतो. “यांचं असंच!”

आणि गंमत बघा. रोजच्या मराठीत एकही शब्द ण नं सुरू होत नाही. एकही शब्द ळ नं सुरू होत नाही. म्हणून तर अंकलिपीवाले ‘ण बाणाचा’ म्हणतात आणि ‘ळ बाळाचा’ म्हणतात. आरंभीचा आवाज दाखवायच्या पुस्तकात ही दोन अक्षरं शेवटी सापडतात. पाच वर्षांच्या पोरानं काय समजायचं? क कमळाचा म्हणताना पहिला आवाज ऐकायचा, आणि ण बाणाचा म्हणताना शेवटचा? हे कुणी त्याला सांगत नाही. हुशार पोरगं विचारतं, “बाण तं ब चा हाय नं?” बरोबर आहे त्याचं! त्याला म्हणतात, गप बस.

शब्दात पुढं उभं राहायची या दोन अक्षरांची ताकद नाही. पण माणसाला मागं ढकलायची ताकद त्यांच्यात भरपूर आहे. शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण याचा निवाडा महाराष्ट्रात याच दोघांच्या हातात दिलाय.

गौतम धर्मसूत्र आठवा. शूद्रानं वेद ऐकला तर त्याच्या कानात कथील आणि लाख ओतावी, उच्चारला तर जीभ छाटावी, असं तिथं लिहिलंय. आपण हे नेहमी सांगतो, पण एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. शिक्षा डोळ्याला नाही सांगितली. कानाला सांगितली, जिभेला सांगितली. बंदी अक्षरावर यायच्या आधी आवाजावर आली. त्यांना पक्कं ठाऊक होतं की विद्या कानातून आत येते आणि तोंडातून बाहेर पडते. आज कथील ओतत नाहीत. आज वर्ग हसतो. पोरगी त्या दिवसापासून तोंड उघडत नाही. काम तेच झालं, खर्च कमी आला!

पण इथंच मला आपल्या माणसांशी भांडायचंय. मनुवाद्यांशी भांडण जुनं आहे, ते चालूच राहील.

आपल्या वस्तीतल्या विहारात पोरांनी एक तक्ता लावलाय. मोठ्या मेहनतीनं रंगवलाय. अंकलिपीतला भ भटजीचा काढला, भ भीमाचा केला. य यज्ञाचा होता, तिथं य यशवंताचा केला. क्ष क्षत्रियाचा होता, तिथं क्ष क्षमतेचा. तक्ता बघून माझी छाती फुगली. मग मी भाचीला उभं केलं आणि बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठेवला. “हा कायचा?” गप्प.

भटजी गेला, भीम आला, पण पद्धत भटजीचीच राहिली. चित्र बघ, घोष कर, अक्षराकडं बघू नको. आपण देव बदलला, पूजा तीच ठेवली.

शिवाय भीम या शब्दात भ एकटा नाही. त्याच्या मागं वेलांटी उभी आहे. पोराला ऐकू येतं ‘भी’. तक्त्यावर दिसतो ‘भ’. हे दोन एकच कसे? आपल्याला सवय झालीय म्हणून आपल्याला खटकत नाही. नवख्या पोराला खटकतं. पहिल्या ओळखीला असा शब्द पाहिजे ज्यात अक्षर उघडं आहे, कानाबिना, वेलांटीबिना. भ भज्याचा. हसू नका. भजं भटजीपेक्षा सोपं आहे, आणि भीमाच्या नावाचा मान भज्यानं कमी होत नाही. भीम हा शब्द पोरानं वेलांटी शिकल्यावर स्वतः वाचला पाहिजे. बाबासाहेबांच्या नावाचं यापेक्षा मोठं पूजन मला माहीत नाही.

एक मित्र म्हणाला, “अंकलिपी जाळ. आपल्या शब्दांची नवी काढू. घ घमेल्याचा, ग गटाराचा, ख खराट्याचा, म मजुराचा.” मी म्हटलं, घमेलं घे, चांगलं आहे. पोराची माय ते रोज डोक्यावर उचलते, त्याला तो शब्द नीट ऐकू येतो. पण सगळा तक्ता गटारानं आणि खराट्यानं भरू नको. पोराला नुसती आपली गरिबी शिकवायची का? प पतंगाचा राहू दे. संक्रांतीला वस्तीतल्या छपरांवरून ‘ओ काट’ची आरोळी उठते तेव्हा पतंग कुणाच्या बापाचा नसतो. स सशाचा राहू दे, मग पोरानं ससा पाहिला नसला तरी चालेल. त्याला स्वप्नं बघायचीयत. आपला शब्द असो की परका, कसोटी एकच. तो शब्द पोराच्या कानात आहे का, तोंडात आहे का, आणि त्याचा पहिला आवाज सुटा करून त्याला दाखवता येतो का?

दुसरा मित्र म्हणाला, “मराठीच कशाला पाहिजे? इंग्रजी शाळेत घाल, ए फॉर ॲपल.” इंग्रजी पाहिजेच. बाबासाहेबांची पोरं आपण, इंग्रजीला नाही कोण म्हणेल? पण ए फॉर ॲपल म्हणताना अक्षराचं नाव ‘ए’ आणि शब्दाचा आवाज ‘ॲ’. तिथंही नाव वेगळं, आवाज वेगळा. ते पोरगंही सफरचंदाचं चित्र झाकलं की गप्पच होतं. फी भरून गप्प होतं, एवढाच फरक. आपल्या लिपीत अक्षराचं नाव आणि त्याचा आवाज जवळजवळ एकच आहे. केवढी मोठी सोय आहे ही! आणि आपण ती घोकंपट्टीत फुकट घालवतो.

जवळजवळ म्हटलं, कारण मराठीतही पाचर आहे. चमच्यातला च आणि चहातला च म्हणून बघा. चाऱ्यातला च आणि चार आण्यातला च म्हणून बघा. जीभ वेगळ्या जागी लागते. जहाजातला ज आणि जिभेतला ज वेगळा. अक्षर एक, आवाज दोन. ऋषीतला ऋ आपण सगळे ‘रु’सारखाच म्हणतो, भटजीसुद्धा. श आणि ष कानाला एकच झालेत. ज्ञ म्हणताना तोंडातून निघतो ‘द्न्य’. ङ आणि ञ साठी तर अंकलिपीला शब्दच सापडत नाही. म्हणजे प्रमाण बोलणाऱ्यांच्या तोंडातही लिहिलेलं जसंच्या तसं येत नाही. त्यांच्या ष चा श झाला तर ती रीत. आमच्या ळ चा य झाला तर ती अडाणीपणाची खूण. असं का? मॅडम, उत्तर द्या.

वर्णमालेचा क्रम खोटा नाही, हेही सांगतो. क ख ग घ घशाजवळ, ट ठ ड ढ टाळूला, प फ ब भ म ओठांवर. मुखातल्या जागा बघून लावलेली ती मांडणी आहे, आणि हुशारीची आहे. पण ती व्याकरणवाल्याच्या कामाची. पाच वर्षांच्या पोराला क ख ग घ एकापाठोपाठ दिले की चारही आवाज कानात कालवले जातात. आणि आकारानं सारखी अक्षरं, घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, ट आणि ठ, एकाच आठवड्यात आली की डोळ्यात कालवली जातात. क्रम पाठ करायचा तर पुढं केव्हाही करता येतो. सुरुवात क पासूनच झाली पाहिजे असं कुठल्या घटनेत लिहिलंय?

मी सुरुवात म पासून केली. ओठ मिटले की म. तान्ह्या पोरालाही जमतो. जयंतीनंतर बारा दिवस घरी होतो. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर भाची आणि आजूबाजूची चार पोट्टी बसवली. पहिले तीन दिवस पाटी नाही, खडू नाही. नुसते कान. “म नं कोनाचं नाव सुरू होते?” “माय!” “मामा!” “मटन!” “आता मटन आन् पानी, दोन्हीचा पयला आवाज एकच हाय काय?” “नाई!” पोरं ओरडायला लागली. चुकलं तर मी हसत नव्हतो. ते माझ्यावर हसत होते, कारण मी मुद्दाम चुकत होतो. मी म्हणायचो, “म बकरीचा.” सगळे, “नाईईई!” ज्या पोरीनं शाळेत तोंड शिवून घेतलं होतं ती सगळ्यात मोठ्यानं ओरडत होती.

चौथ्या दिवशी पाटी आणली. पाच अक्षरं घेतली. म, य, र, घ, न. आणि एक काना. एवढंच. पाच अक्षरं आणि एका काठीत काय काय मावतं बघा. माय. मामा. घर. घाम. रमा. नाना. यार. मान. मार. आणि हो, नय! बावन्न अक्षरं घोकायची गरज पडली नाही. पाचात पोराला लिहिता-वाचता येणारा शब्द मिळाला. चित्र एकही नाही, म्हणून झाकायलाही काही नाही. ही काही माझी अक्कल नाही. थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा एकत्र देऊन लगेच शब्द करायला लावायचे, ही अक्षरगटाची रीत महाराष्ट्रात चांगले शिक्षक वापरतात. मी ती फक्त ओट्यावर आणली. पाचही पोरं शिकली अशी बढाई मारत नाही. दोघं अजून घ आणि र मध्ये अडतात. एक मधूनच पळून जायचा. पण नवव्या दिवशी भाचीनं माझ्या मळक्या सदऱ्याकडं बोट केलं आणि पाटीवर स्वतः लिहिलं, घाम. मग वर बघून म्हणाली, “मामा, हे तुयं हाय.”

मी गोदीत एवढी ओझी उचलली. असं काही छातीवर आजवर बसलं नव्हतं.

आता ळ चं काय? काही मित्र म्हणतील, आपली बोली खरी, ळ शिकवूच नका. हा दुसरा विश्वासघात होईल. ळ पाहिजे. अर्जात पाहिजे, परीक्षेत पाहिजे, कोर्टात पाहिजे, कवितेत पाहिजे. फक्त तो हसण्यातून येऊ नये. मी पोरांना एवढंच सांगितलं, “आपुन घरी नय म्हनतो, पुस्तकात नळ लिवतात. दोन्हीचं पानी एकच.” पोरांना यात काही अडचण आली नाही. घरात चप्पल काढायची आणि शाळेत बूट घालायचे, हे त्यांना कळतं. दोन भाषा बाळगणारं पोरगं जड जिभेचं नसतं. त्याच्या खिशात दोन किल्ल्या असतात. पण आधी त्याची स्वतःची किल्ली काढून घ्यायची आणि मग दुसरी द्यायची, हे चालणार नाही.

हे नागपूरला नवीन आहे का? नाही. याच शहरात, पाचपावलीत, १९०७ साली किसन फागुजी बनसोडे यांनी चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. ते कवी होते, वर्तमानपत्रं चालवायचे, गिरणी मजुरांत काम करायचे. कविता, चळवळ आणि शाळा त्यांनी एकाच हातानं केली. आणि जाईबाई चौधरी! त्यांनी पोटासाठी हमाली केली, डोक्यावर ओझी वाहिली. एका मिशनरी बाईनं त्यांना शाळेत शिकवायची नोकरी दिली. शिक्षिका अस्पृश्य आहे हे कळल्यावर सवर्ण पालकांनी ओरड केली आणि नोकरी गेली. बाई रडत बसल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात स्वतः मुलींची शाळा उघडली. हमाल बाईनं! मी मॅट्रिक झालेला पुरुष हमाल, हातात मोबाईल, खिशात कवितांची वही. आणि मी आजपर्यंत काय उघडलं? तोंड.

बाहेरच्या जगातही हे झालंय. न्यूझीलंडमध्ये सिल्विया ॲश्टन-वॉर्नर नावाची एक बाई माओरी पोरांना शिकवायची. ती पोराला विचारायची, तुला कुठला शब्द पाहिजे? पोरगं सांगेल तो शब्द कार्डावर लिहून त्याच्याच हातात द्यायची. भीतीचा शब्द असो की मायेचा. छापील पुस्तकातले गोऱ्या घरातले शब्द नंतर. तिचं पुस्तक १९६३ साली आलं. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये आंजिकोस गावी पाउलो फ्रेअरी यांनी सुमारे ३०० मजुरांना त्यांच्याच कामातले, जगण्यातले शब्द घेऊन वाचायला शिकवलं. काही आठवड्यांत. पुढच्या वर्षी, १९६४ ला, लष्करानं सत्ता बळकावली आणि फ्रेअरींना तुरुंगात टाकलं. नंतर देश सोडावा लागला. अक्षर शिकवल्याबद्दल तुरुंग! सत्तेला पहिल्या आवाजाची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते.

आणि आपलं सरकार? बाबासाहेबांच्या घटनेत ४५ व्या कलमात लिहिलं होतं की दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्यानं प्रयत्न करावा. त्यात सहा वर्षांखालचंही पोरगं होतं. दहा वर्षं १९६० ला संपली. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली. सहा ते चौदा वयाला मूलभूत हक्क मिळाला, चांगलं झालं. पण सहाच्या आतलं पोरगं हक्काच्या बाहेर राहिलं. त्याच्यासाठी ४५ व्या कलमात फक्त ‘प्रयत्न’ उरला. नवं शैक्षणिक धोरण २०२० चं. ते म्हणतं, तीन ते आठ वर्षं हा शिक्षणाचा पाया. पाया म्हणता, मग हक्क का म्हणत नाही? अंगणवाडीची योजना १९७५ पासून चालू आहे. तिथली बाई पोराला खाऊ घालते, वजन करते, रजिस्टर भरते, आणि उरलेल्या वेळात पाया घालते. तिला पगार नाही, मानधन! त्यासाठी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी बायांनी डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ संप केला. आपल्यातले किती जण त्यांच्या मंडपात जाऊन बसले? हात वर करा. मीही नव्हतो गेलो.

सरकारशी भांडू. सहाच्या आतल्या पोरासाठी हक्क मागू, अंगणवाडीच्या बाईसाठी पगार मागू. शाळेत बोलीवर हसणाऱ्याला जाब विचारू. पण हे सगळं होईपर्यंत आमची पाच वर्षांची पोरगी सोळा वर्षांची होईल. तिला आज संध्याकाळी न पाहिजे.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. अंकाच्या पुढच्या पानावर आपल्या कविता आहेत. आग आहे, सूर्य आहे, क्रांती आहे. माझीही आहे एक. माझ्या मायला ती वाचता येत नाही. भाचीलाही येणार नसेल तर मी ती कुणासाठी लिहिली? वस्तीत विहार आहे, ओटा आहे, संध्याकाळ आहे. रोज अर्धा तास. पाच पोरं, पाच अक्षरं, एक काना. आधी कान, मग पाटी. चित्र झाकून बघा. पोरगं चुकलं तर हसू नका. नय म्हणालं तर आधी म्हणा, शाबास, न बरोबर आहे. एका पोरानं एक पोरगं धरलं तरी पुरे. ज्याला ‘वेळ नाही’ त्यानं किसन फागुजींकडं बघावं. ज्याला ‘शिक्षण नाही’ त्यानं जाईबाईंकडं बघावं.

मी गोदीत परत आलोय. ताईनं फोनवर सांगितलं, शाळा उघडल्यावर मॅडमनं पुन्हा विचारलं, न कशाचा? भाची उभी राहिली आणि म्हणाली, “न नयाचा. पुस्तकात नळाचा.” मॅडम काय म्हणाली ते ताईला कळलं नाही. पण पोरगी खाली बसताना रडत नव्हती, एवढं शेजारच्या पोट्टीनं सांगितलं.

ओट्यावर आता कोण बसतं? मी विचारलं. ताई म्हणाली, “कोनी नाई बसत. पोट्टे येतात आन् वाट पाहून जातात.”

वाट तुमची पाहतायत. जय भीम.